लॉर्ड रॉस आणि आकाशातील भोवरा

चैत्र-वैशाखातील निरभ्र रात्री उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे सप्तर्षींचे सात तारे सहज ओळखता येतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला जोडलेली तीन ताऱ्यांची शेपटी, अशी त्यांची ठेवण असते. शेपटीच्या टोकाशी जो तारा आहे, त्याला आपल्याकडे मरीची म्हणतात. या मरीचीपासून थोड्याच अंतरावर आकाशाचा एक भाग नुसत्या डोळ्यांना अगदी रिकामा वाटतो. लहानशा दुर्बिणीतून पाहिले, तर तेथे पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखा एक फिकट डाग नजरेस पडतो. हा डाग म्हणजे काय, या प्रश्नाने एके काळी मोठमोठ्या ज्योतिर्विदांना कोड्यात टाकले होते. त्या डागाचा खरा आकार ज्यांच्या डोळ्यांना प्रथम दिसला, त्या लॉर्ड रॉस यांची ही जीवनकथा आहे.

हा डाग प्रथम टिपून ठेवला तो शार्ल मेस्ये या फ्रेंच ज्योतिर्विदाने. मेस्ये यांना धूमकेतू शोधण्याचा मोठा नाद होता. दूर असलेला धूमकेतू दुर्बिणीतून धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. परंतु तो रोज आपली जागा बदलतो. आकाशात असेही काही धुरकट डाग आहेत, की जे आपली जागा कधीच सोडीत नाहीत. त्यांच्यामुळे फसगत होऊ नये, म्हणून मेस्ये यांनी अशा डागांची एक यादीच तयार केली. मरीचीजवळचा डाग त्यांना १७७३ साली दिसला. त्यांच्या यादीत त्याचा क्रमांक ५१ वा आहे. पुढे विल्यम हर्शेल यांनी आपल्या मोठ्या दुर्बिणींतून असे सुमारे अडीच हजार डाग व तारकापुंज नोंदविले. या डागांना तेजोमेघ असे नाव पडले. कोणी म्हणत, हे तेजोमेघ म्हणजे चकाकणारा वायू आहे. कोणी म्हणत, ते फार दूर असलेले ताऱ्यांचे थवे आहेत आणि अंतरामुळेच ते धुरकट दिसतात. खरे काय, हे ठरविण्याइतकी मोठी दुर्बीण जगात कोठेही नव्हती.

ती दुर्बीण तयार करण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्या लॉर्ड रॉस यांचे मूळ नाव विल्यम पार्सन्स. त्यांचा जन्म १७ जून १८०० रोजी इंग्लंडमधील यॉर्क या शहरी झाला. त्यांचे घराणे आयर्लंडमधील जहागीरदारांचे होते. आयर्लंडच्या मध्यभागी पार्सन्सटाउन नावाचे लहानसे गाव होते; आज ते बर या नावाने ओळखले जाते. तेथील किल्लेवजा वाड्यात विल्यम यांचे बालपण गेले. त्यांना शाळेत घातले नव्हते. घरीच शिक्षक ठेवून त्यांचे शिक्षण झाले. पुढे डब्लिन व ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांत ते शिकले आणि १८२२ साली गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. त्याआधीच, म्हणजे १८२१ साली, ते पार्लमेंटचे सभासद म्हणून निवडून आले होते. धन, मान आणि अधिकार ही सर्व त्यांच्या दारी चालत आली होती. मनात आणले असते, तर शिकार व मेजवान्या यांत त्यांना आयुष्य सुखाने घालविता आले असते. परंतु त्यांचे मन भट्टी, लोखंड, तांबे आणि यंत्रे यांत रमले. या कामाला पुरेसा वेळ मिळावा, म्हणून १८३४ साली त्यांनी पार्लमेंटमधील आपली जागाही सोडली.

मोठ्या दुर्बिणीचा प्राण म्हणजे तिचा अंतर्गोल आरसा. आरसा जितका मोठा, तितका अधिक प्रकाश तो गोळा करतो, आणि तितक्या अधिक फिकट वस्तू त्यातून दिसू शकतात. काचेवर चांदीचा पातळ मुलामा देऊन दुर्बिणीचे आरसे करण्याची रीत त्या वेळी निघाली नव्हती. तांबे व कथील यांच्या मिश्रणातून आपल्याकडे जसे कासे तयार होते, तसाच, परंतु कथिलाचे प्रमाण बरेच अधिक असलेला मिश्रधातू ओतून हे आरसे करीत. हा धातू रुप्यासारखा लखलखतो. पण तो काचेसारखाच ठिसूळ असतो. ओतल्यावर तो एका बाजूने लवकर व दुसऱ्या बाजूने उशिरा थंड झाला, तर कडकन तडकतो. शिवाय, दमट हवेत त्याचे तेज लवकर मावळते.

हर्शेल यांना ही विद्या उत्तम अवगत होती. त्यांनी ४८ इंच व्यासाचा आरसा तयार केला होता. परंतु ते दुर्बिणी तयार करून विकीतही असत, आणि आपली आरसे करण्याची रीत त्यांनी सविस्तर प्रसिद्ध केली नव्हती. त्यामुळे पार्सन्स यांना सर्व काही मुळापासून शिकावे लागले. त्यांच्या गावात कुशल कारागिरांची उणीव होती. तेव्हा त्यांनी आपल्याच जहागिरीतील लोहार, सुतार व मजूर यांना हाताशी धरले आणि स्वतः त्यांच्याबरोबर उभे राहून त्यांना तयार केले. भट्ट्या, यंत्रे, हत्यारे ही सर्व त्यांनी गावातच बनवून घेतली. आरसा घासण्यासाठी त्यांनी वाफेच्या शक्तीवर चालणारे एक यंत्र रचले. घासताना आरसा तापू नये, म्हणून तो पाण्यात ठेवण्याची व्यवस्था केली. उंच खांबावर घड्याळाची तबकडी बांधून तिचे प्रतिबिंब आरशात पाहावयाचे आणि ते स्पष्ट दिसते की नाही यावरून आरशाची परीक्षा करावयाची, अशी त्यांची रीत होती.

कित्येक आरसे तडकले, कित्येक पुन्हा वितळवावे लागले. परंतु प्रत्येक अपयशातून ते काहीतरी शिकत गेले. आरसा वरून लवकर थंड होतो व खालून उशिरा, हेच तडकण्याचे मूळ आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या उभ्या दाटून बसवून तयार केला. या पट्ट्यांच्या फटींतून वायू निसटून जात आणि धातूची उष्णता तळाकडून प्रथम निघून जाई. ही युक्ती सफल झाली. १८३९ च्या सुमारास ३६ इंच व्यासाचा अखंड आरसा त्यांच्या हाती आला. विशेष हे, की आपल्या या सर्व रीती, चुकांसह, त्यांनी लेखांतून जगापुढे उघड मांडल्या. आपल्याला जे कष्ट पडले ते पुढच्यांना पडू नयेत, हीच त्यामागील भावना होती.

१८३६ साली त्यांचा विवाह मेरी फील्ड यांच्याशी झाला. मेरी या सधन घराण्यातील होत्या. पतीच्या उद्योगाला त्यांनी आपल्या संपत्तीचा आधार दिला. त्या स्वतः छायाचित्रणकलेत निपुण होत्या. त्या काळात ही कला नुकतीच जन्माला आली होती. १८४१ साली वडील वारल्यावर विल्यम हे रॉसचे तिसरे अर्ल झाले, आणि तेव्हापासून लॉर्ड रॉस या नावानेच त्यांना लोक ओळखू लागले. आता त्यांनी ७२ इंच, म्हणजे सहा फूट व्यासाचा आरसा करण्याचा संकल्प सोडला.

१३ एप्रिल १८४२ च्या रात्री हा आरसा ओतण्यात आला. दलदलीच्या जागी साचलेली, वाळवून सरपणासारखी जाळता येणारी पीट नावाची माती आयर्लंडात विपुल मिळते. तिच्याच जाळावर भट्ट्या धडधडत होत्या. तीन मोठ्या लोखंडी मुशींत धातूचा रस उकळत होता. यारीने त्या मुशी उचलून साच्याजवळ आणल्या गेल्या आणि तो तप्त रस साच्यात ओतला गेला. जरा हयगय झाली असती, तर माणसांच्या जिवावर बेतले असते. लाल झालेली ती चकती लगेच एका बंद भट्टीत सरकविण्यात आली आणि तेथे तब्बल सोळा आठवडे ती हळूहळू थंड होत राहिली. हा आरसा वजनाने सुमारे तीन टन भरला. पुढेही काही वेळा ओतकाम फसले. परंतु अखेर वापरण्याजोगे दोन आरसे तयार झाले. एक काळवंडला, की त्याला पुन्हा घासून उजळेपर्यंत दुसरा वापरावयाचा, अशी ही योजना होती.

आरशाला साजेशी नळीही करावी लागली. लाकडी फळ्यांना लोखंडी कड्यांनी आवळून केलेली ही नळी पन्नास फुटांहून अधिक लांब होती. तिचा घेर इतका मोठा होता, की पीकॉक नावाचे एक धर्माधिकारी डोक्यावर छत्री उघडून तिच्यातून सरळ चालत गेले, असे सांगतात. दगडी बांधणीच्या दोन उंच भिंतींच्या मध्ये ही नळी साखळदंड व कप्प्या यांच्या साहाय्याने वरखाली करीत. बाजूला मात्र ती थोडीच वळे. त्यामुळे एखादा तारा तिच्या समोर आला, म्हणजे थोडाच वेळ पाहावयास मिळे. पाहणाऱ्याला उंच सज्जावर, काळोखात व थंडीत उभे राहावे लागे. त्यातून आयर्लंडचे आकाश बहुधा ढगांनी झाकलेले. आकाश निरभ्र मिळावे, म्हणून रात्रीमागून रात्री वाट पाहावी लागे.

१८४५ च्या फेब्रुवारीत दुर्बीण प्रथम आकाशाकडे वळविण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत लॉर्ड रॉस यांनी मेस्येच्या यादीतील ५१ व्या तेजोमेघाकडे पाहिले. हर्शेल यांचे पुत्र जॉन हर्शेल यांना लहान दुर्बिणीतून त्या ठिकाणी एक तेजस्वी केंद्र व त्याभोवती एक कडे दिसले होते. रॉस यांच्या डोळ्यांना कडे दिसले नाही. नदीच्या डोहात पाणी गरगरत आत ओढले जावे, तशा वळणदार तेजस्वी रेषा केंद्रातून निघून बाहेर पसरलेल्या त्यांना दिसल्या. त्यांतील एका रेषेच्या टोकाशी दुसरा लहान तेजोमेघ होता. आकाशात असा भोवऱ्याचा आकार त्यापूर्वी कोणीही पाहिलेला नव्हता.

फिकट तेजोमेघाचे छायाचित्र घेणे त्या वेळी शक्य नव्हते. जे दिसले ते हातानेच काढावे लागे. अशा वेळी मोठा धोका असतो. मनात जे असते ते डोळ्यांना दिसू लागते. रॉस यांनी म्हणून पुन्हा पुन्हा पाहिले, मोजमापे घेतली आणि काळजीपूर्वक चित्र काढले. जून १८४५ मध्ये केंब्रिज येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत ते चित्र ठेवण्यात आले. पाहणारे चकित झाले. तेजोमेघाला रचना आहे, त्यात कसली तरी गती असावी, असे त्या चित्रावरून प्रथमच वाटू लागले. हा भोवरा कशाचा व किती दूर आहे, हे मात्र रॉस यांना सांगता येत नव्हते. जे दिसले तेवढेच त्यांनी निष्ठेने मांडले.

आता या दुर्बिणीतून शोधांची रांग लागणार, असे सर्वांना वाटत होते. पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आयर्लंडवर भयंकर संकट कोसळले. तेथील गोरगरीब शेतकरी जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत. बटाट्याच्या पिकावर करपा रोग पडला आणि शेतेच्या शेते काळी पडून कुजून गेली. पुढच्या वर्षी तर पीक जवळजवळ हातीच आले नाही. भूक आणि तिच्यामागून येणारी रोगराई यांनी काही वर्षांतच सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेतला, आणि जवळजवळ तितकेच लोक देश सोडून परागंदा झाले.

ज्या दुर्बिणीसाठी लॉर्ड रॉस यांनी ऐन उमेदीची वर्षे खर्ची घातली होती, ती आता कोठे काम देऊ लागली होती. परंतु खाली माणसे भुकेने तडफडत असताना वर तारे पाहत बसणे त्यांच्या मनाला रुचले नाही. त्यांनी निरीक्षण थांबविले. आपल्या उत्पन्नातील मोठा वाटा त्यांनी दुष्काळनिवारणासाठी खर्च केला. वाड्याभोवती खंदक खणण्यासारखी कामे काढून शेकडो हातांना मजुरी मिळवून दिली. ते स्वतः जमीनदार होते, आणि जमिनीवरील जमीनदारांचा हक्क त्यांना शेवटपर्यंत न्याय्यच वाटत होता. कुळांच्या दारिद्र्याचे मूळ त्या व्यवस्थेत आहे, असे त्यांनी मानले नाही. तरीही संकटाच्या वेळी त्यांनी आपल्या माणसांकडे पाठ फिरविली नाही, हे खरे. सुमारे तीन वर्षे ती प्रचंड दुर्बीण बहुतेक मूकच राहिली.

१८४८ साली निरीक्षणाला पुन्हा नेटाने प्रारंभ झाला. तेजोमेघ ५१ सारखे आणखी कितीतरी भोवरे रॉस व त्यांचे साहाय्यक यांना सापडले. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांची चित्रेही देण्यात आली. भोवऱ्याचा आकार हा एखादा अपवाद नसून आकाशातील एक मोठी जातच आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. मात्र रॉस यांची सर्वच अनुमाने बरोबर ठरली असे नाही. मृगनक्षत्रातील प्रसिद्ध तेजोमेघ हा ताऱ्यांचाच समूह आहे, असे त्यांना आपल्या दुर्बिणीतून वाटले होते. पुढे १८६४ पासून विल्यम हगिन्स यांनी प्रकाशाचे पृथक्करण करून दाखविले, की काही तेजोमेघ खरोखर वायूचेच आहेत, आणि मृगातील तेजोमेघही त्यांतलाच आहे.

१८४८ ते १८५४ पर्यंत लॉर्ड रॉस हे लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८६२ साली ते डब्लिन विद्यापीठाचे कुलपती झाले. ३१ ऑक्टोबर १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या थोरल्या मुलाने वडिलांचे आकाशनिरीक्षण पुढे चालविले, तर धाकटे चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली वाफेच्या टर्बाइनचा शोध लावून मोठे नाव मिळविले. वडिलांच्या कार्यशाळेत लहानपणी पाहिलेली यंत्रे त्यांच्या उपयोगी पडली, यात नवल नाही.

रॉस यांच्या चित्राचा अर्थ कळण्यास मात्र आणखी बराच काळ जावा लागला. १८८९ साली आयझॅक रॉबर्ट्स यांनी त्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा रॉस यांच्या हाताने काढलेला भोवरा खरा ठरला. १९१७ साली अमेरिकेत माउंट विल्सन येथे १०० इंची दुर्बीण उभी राहिली, तोवर एवढा मोठा आरसा दुसऱ्या कोणत्याही दुर्बिणीला लाभला नव्हता. त्याच नव्या दुर्बिणीतून पाहून एडविन हबल यांनी १९२४ च्या सुमारास दाखवून दिले, की देवयानी नक्षत्रातील असाच एक भोवरा आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे. हे भोवरे म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र विश्वेच होत. त्यांना आता आपण सर्पिल दीर्घिका म्हणतो. आपली आकाशगंगाही अशीच एक सर्पिल दीर्घिका आहे.

मरीचीजवळची ती भोवरा दीर्घिका आपल्यापासून सुमारे अडीच ते तीन कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे रॉस यांच्या आरशावर त्या रात्री पडलेला प्रकाश जेव्हा तेथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूस जन्मालाही आला नव्हता. तिचे केंद्र पिवळसर दिसते. तेथे वृद्ध ताऱ्यांची दाटी आहे. तिचे दोन मोठे बाहू निळसर दिसतात. तेथे तरुण, अतितप्त तारे आहेत. या बाहूंच्या कडेने धुळीचे काळे पट्टे आहेत, आणि मधूनमधून गुलाबी वायूचे ढग आहेत. या ढगांतच नवे तारे जन्माला येतात. बाहूच्या टोकाशी दिसणारा लहान तेजोमेघ हीदेखील एक दीर्घिकाच आहे. ती जवळून गेल्यामुळे तिच्या ओढीने हे बाहू एवढे ठळक झाले, असे शास्त्रज्ञ मानतात. या भोवऱ्यात १९९४, २००५ आणि २०११ या वर्षी प्रचंड ताऱ्यांचे स्फोट होताना दिसले. २००५ साली अवकाशातील दुर्बिणीने घेतलेले तिचे सुंदर रंगीत चित्र प्रसिद्ध झाले. त्या दुर्बिणीला हबल यांचेच नाव दिलेले आहे. त्या चित्रातील बाहूंची ठेवण रॉस यांच्या १८४५ च्या चित्राशी ताडून पाहिली, की दोन्ही एकाच वस्तूची चित्रे आहेत, हे लहान मुलालाही ओळखता येते.

पार्सन्सटाउनची दुर्बीण पुढे निरुपयोगी होऊन मोडकळीस आली. तिचा एक जुना आरसा लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेला आहे. १९९७ च्या सुमारास त्या दोन दगडी भिंतींच्या मध्ये नळी पुन्हा उभारण्यात आली आणि पुढे तिच्यात नवा आरसाही बसविण्यात आला.

लॉर्ड रॉस यांनी भोवरा पाहिला, पण त्याचे रहस्य त्यांना कळले नाही. ते कळण्याच्या कितीतरी आधी त्यांचे आयुष्य संपले. तरी त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. तडकलेला आरसा पुन्हा वितळविण्याची चिकाटी त्यांच्या अंगी होती. आपली विद्या लपवून न ठेवण्याचे औदार्य त्यांच्या ठायी होते. जे दिसले तेवढेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी बाळगला, आणि भुकेल्या माणसांसाठी आपले आवडते काम त्यांनी काही काळ बाजूला ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात रात्री अंगणात निजल्यावर सप्तर्षींची शेपटी शोधा. मरीचीजवळ तुमच्या डोळ्यांना काहीही दिसणार नाही. परंतु त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागी काय आहे, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.